घरी कन्नड, शाळेत मराठी



जत तालुक्यात उमदी-संखच्या बाजूला एखाद्या चौथीतल्या पोराची वही उघडून बघा. ‘कमळ’चं ‘मकळ’ झालेलं, वेलांट्या गायब, जोडाक्षर आलं की शब्दच सोडून दिलेला. हाच पोरगा कळपातलं कुठलं मेंढरू आलं नाही ते एका नजरेत सांगतो, बाजाराचा हिशेब तोंडी करतो. मग वाचायला का येत नाही? गुरुजी म्हणतात, घरी कन्नड बोलतात ना. आई म्हणते, ऊसतोडीला गेलो, शाळा बुडाली. दोघांचंही खरं असेल. तरीही कारण तिसरंच असू शकतं: शिकण्यातलीच अक्षमता.

1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात 7 प्रकार होते, त्यांत हे मूल कुठेच बसत नव्हतं. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले आणि त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली. जानेवारी 2018 च्या सूचनांनी तपासणीची वाट आखली. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी मूल हेरायचं, बालरोगतज्ज्ञांनी डोळे-कान बघायचे, मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यांक काढायचा. त्या सूचनांप्रमाणे तो 85 च्या वर असेल तरच पुढे निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचण्या होत. साधारण 70 च्या खाली असेल तर ती बौद्धिक अक्षमता. मधल्या पोरांचं काय? त्या सूचनांत त्यांना ना हा दाखला होता, ना तो. हे मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं रोगवर्गीकरण आणखी एक अट घालतं: शिकायलाच मिळालं नसेल किंवा शाळेची भाषाच येत नसेल, तर त्याला हा विकार म्हणू नये. अट शहाणपणाची आहे. पण आमच्याकडे तिचाच आधार घेऊन खरी अडचण असलेलं मूलही ‘कन्नडचं आहे’, ‘फडावरचं आहे’ म्हणून बाजूला काढलं जातं.

ओळखायचं कसं? त्याला घरच्या भाषेत विचारा: या शब्दातला पहिला आवाज काढला तर काय उरेल? शाळा बुडालेल्या मुलालाही हे सुरुवातीला जमेलच असं नाही, पण काही महिने नेटाने शिकवलं की ते बहुधा भराभर पुढे सरकतं. अक्षमता असलेलं मूल बहुधा दोन्ही भाषांत अडतं आणि तसंच शिकवूनही फार हळू पुढे सरकतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत शिकण्यातल्या अडचणीही आहेत. पोरगा धडधाकट दिसतो म्हणून वजन-उंचीवर त्याला सोडू नका. वही दाखवा. पुढच्या तपासणीला मिरज-सांगली गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे खरंच. पण दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो.

जाताना दोन वर्षांच्या वह्या आणि गुरुजींची चिठ्ठी न्या. आणि तपासणाऱ्यांना आधीच सांगा: घरी कन्नड बोलतो, कोणत्या महिन्यांत फडावर होता, आणि परत आल्यावर त्याला कुणी, किती शिकवलं.