मातीची राजधानी
पेरू देश म्हटला की इंकांची पाषाणनगरे डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु इंकांच्या आधी, त्रुहियो शहराजवळच्या रुक्ष किनाऱ्यावर चिमू लोकांनी चान चान ही राजधानी उभारली, ती कच्च्या विटांची. तिचा विस्तार सुमारे २० चौरस किलोमीटर. इ. स. १४७० च्या सुमारास इंकांनी ती जिंकली.

आज वाटाड्या प्रवाशांना निक आन नावाच्या राजवाड्यातून आखीव वाटेने नेतो. भिंतींवर मासे, समुद्रपक्षी आणि जाळ्यांची नक्षी आहे. कौतुकाने कोणी हात पुढे केला, तर वाटाड्याने त्याला थांबवावेच लागते. माती बोटांच्या स्पर्शानेही झिजते. तिचा खरा वैरी पाऊस. एरवी तो येथे जवळजवळ पडतच नाही. पण एल निन्योच्या वर्षी कोसळला, की भिंती विरघळू लागतात. म्हणूनच १९८६ साली युनेस्कोने या नगरीला जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हाच संकटग्रस्त वारशाच्या यादीतही तिचे नाव घातले.

काही नक्षी आता नव्याने घडविलेली आहे. जुने कोणते आणि नवे कोणते, हे प्रामाणिकपणे सांगणारा वाटाड्याच त्या नगरीचा खरा राखणदार होय.