परत आलेल्याचा पेला

आपला छंद सांगताना माणूस सहसा लाजत नाही. मी मात्र माझा छंद आत्यापासून बरीच वर्षं लपवून ठेवला. मी जुन्या जपानी सैनिकांचे साके पिण्याचे पेले जमवतो. साके म्हणजे तांदळापासून केलेलं मद्य.

नोकरीनिमित्त मी क्योतोत राहत होतो. तिथल्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. तिथे मला पहिला पेला मिळाला. चिनी मातीचा, बशीसारखा उथळ. तळाशी पंचकोनी तारा, म्हणजे भूदलाची खूण. नौदलाच्या पेल्यावर नांगर असतो. शेजारी पलटणीचा क्रमांक आणि एक आडनाव.

दुकानदाराने मग त्यामागची रीत सांगितली. जपानमध्ये १८७३ पासून सक्तीची सैन्यभरती होती. पोरगा निघाला की नातलग आणि शेजारी त्याच्या हातात काही पैसे ठेवत. सेवा संपवून तो परतला की त्याची परतफेड म्हणून छावणीजवळच्या दुकानातून असे पेले करवून घेई आणि घरोघर वाटत असे. चीन आणि रशियाशी झालेल्या युद्धांनंतर ही रीत चांगलीच पसरली.

नवख्या संग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात नकलाही येतात. खऱ्या पेल्याची काठावरची सोनेरी रेघ ओठांनी आणि धुण्याने झिजलेली असते, बुडाची कड घासलेली असते. सगळंच कोरं करकरीत असेल, तर हात आखडता घ्यावा.

माझ्याकडे आज साठेक पेले आहेत. पण ते मांडताना मन निर्धास्त नसतं. १९३७ मध्ये नानजिंगमध्ये कत्तली करणारं सैन्य हेच. पेल्यावरची चेरीची फुलं कितीही सुंदर असली, तरी हे विसरून चालत नाही.

आणि आमच्या घरात तर या सैन्याशी जुना हिशेब होता. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशक इथे त्यांची बटालियन लढली. पाच दिवस, पाणी जवळजवळ नाही. समोर होती जपानची ५८वी रेजिमेंट. आजोबांच्या खांद्यात गोळीचा तुकडा शेवटपर्यंत राहिला.

एका बाजारात नेमका ५८ आकड्याचा पेला माझ्या हाती आला. तो घ्यावा की नाही, या विचारात मी त्या दुकानापुढून तीनदा फिरलो. शेवटी घेतला. सुट्टीत गावी आलो तेव्हा सामान उपसताना तो आत्याच्या हाती लागला. सगळं सांगावंच लागलं.

"ज्यांच्या गोळ्या माझ्या बाबांनी झेलल्या, त्यांची भांडी तू घरात आणलीस?" ती म्हणाली.

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "काय लिहिलंय त्यावर?"

मी वाचून दाखवलं: आडनाव, पलटण, आणि 'सेवापूर्तीची आठवण'. ही रेजिमेंट १९२५ मध्ये मोडली आणि १९३७ मध्ये पुन्हा उभी राहिली. पेला मोडण्याआधीचा. म्हणजे सांगशकला लढलेली पोरं या माणसाच्या मुलांच्या वयाची.

"म्हणजे हा घरी आला होता," आत्या म्हणाली. मग सांगू लागली. आजोबा १९४६ साली परतले, तेव्हा आजीने गावभर साखर वाटली होती. रेशनची साखर, साठवून ठेवलेली.

मला त्या दिवशी माझाच संग्रह नीट कळला. यातले बहुतेक पेले परत आलेल्यांचे आहेत. युद्ध लांबलं तसं सैनिकांना घरी सोडणं थांबत गेलं, आणि पेलेही घटले. अखेरीस धातू पुरेना, तेव्हा चिनी मातीच्या भट्ट्यांत हातबॉम्बची कवचं भाजली गेली. जे परतलेच नाहीत, त्यांचे असे पेले कुठल्याच बाजारात मिळायचे नाहीत.

तो ५८ आकड्याचा पेला आता गावीच आहे. आत्याने तो देवघरात ठेवू दिला नाही, पण टाकलाही नाही. आजोबांच्या पदकांच्या डब्याशेजारी, फडताळात ठेवला आहे.