माझा फ्लॅट कोणाच्या टेकडीवर आहे?

आज एक नाही, दोन पिक्चर. दोन्ही जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच टेकड्यांवरचे.

पहिला 'पोम पोको', १९९४ चा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. टोकियोच्या पश्चिमेला तामाच्या टेकड्या आहेत. तिथे न्यू टाउन उभं राहिलं, १९७१ पासून लोक राहायला आले. हे खरंच घडलेलं. पिक्चरमध्ये या टेकड्यांवर तानुकी राहतात. तानुकी म्हणजे कुत्र्याच्या कुळातला, दिसायला रॅकूनसारखा प्राणी. जपानी लोककथांमध्ये तो रूप बदलतो. बुलडोझर आल्यावर हे तानुकी भुतं बनून माणसांना घाबरवतात. आपण अर्थात त्यांच्या बाजूने. पण ताकाहाता आपल्याला इतक्या स्वस्तात सोडत नाही. त्यांच्या हल्ल्यात माणसं मरतात. तानुकी क्षणभर गंभीर होतात आणि मग त्यांना हसूच आवरत नाही! सगळ्या माणसांना हाकलायचं ठरतं, तर प्रश्न येतो, मग टेम्पुरा कुठून मिळणार? झालं, थोडी माणसं ठेवायची. शेवटी ते हरतात. ज्यांना जमतं ते माणसाचं रूप घेऊन, सूट घालून, लोकलने कामावर जातात. बाकीच्यांचं काय, ते तुम्हीच बघा.

दुसरा 'व्हिस्पर ऑफ द हार्ट', १९९५, योशिफुमी कोंदोचा. शाळकरी शिझुकु त्याच तामा भागात छोट्याशा फ्लॅटमध्ये राहते. 'कंट्री रोड्स' गाण्याचं ती विडंबन करते, काँक्रीटच्या रस्त्याचं. तिचं गाव तेच. तिच्यावर चिडणार कसं?

आता माझं. दोन वर्षांपूर्वी लोन काढून पुण्याबाहेर फ्लॅट घेतला, टेकडी कापून बांधलेल्या स्कीममध्ये. पहिल्या पावसाळ्यात पहाटे मोर ओरडायचा. मी फोन बाल्कनीत धरून आईला ऐकवायचो. मग शेजारी फेज टू सुरू झाला. यंदा मोर नाही. मी तावातावाने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. एका काकांचा रिप्लाय आला, "अरे, आपली बिल्डिंग कुठे आहे मग?"

मी बराच वेळ टाइप करत होतो. शेवटी काहीच पाठवलं नाही. फ्लॅट मला आवडतो हो. हप्ता जातो म्हणून नाही, खरंच आवडतो.

तर बघणार असाल तर आधी शिझुकु, मग तानुकी. मी उलटं बघितलं आणि अर्धा पिक्चर त्या बिचाऱ्या पोरीवर चिडून काढला.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.