कारखान्याच्या भिंतीबाहेरील कामगार आणि रोजी गेल्यानंतरचा हक्क

(जबलपूर येथील कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूर हे तोफांचे आणि लष्करी गाड्यांचे शहर आहे. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ सालची व्हेईकल फॅक्टरी यांच्यावर येथील कित्येक वस्त्यांची चूल पेटत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील ४१ आयुध कारखाने ७ कंपन्यांत वाटण्यात आले, तेव्हा कायम कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर मानून त्यांच्या सेवाशर्ती राखण्याचे आश्वासन सरकारने दिले. त्या आश्वासनात ठेकेदाराकडील सफाई कामगार, कॅन्टीनचा आचारी, पहारेकरी किंवा मालवाहू गाडीचा चालक यांचा समावेश नव्हता. एखादी ऑर्डर उद्या खाजगी कंपनीकडे अथवा परदेशी पुरवठादाराकडे वळली, तर यंत्रावरचा कामगार आणि कॅन्टीनमधला आचारी या दोघांच्याही रोजीवर एकाच कारणाने गदा येते. परंतु कायद्याच्या लेखी एकाची नोकरी जाते आणि दुसऱ्याचा केवळ ठेका संपतो.

हा भेद अपघाताने पडलेला नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफच्या काळातील अर्ध्या वेतनाची तरतूद झाली, ती ५० वा अधिक कामगार असलेल्या कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतीच. १९७६ साली कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी सक्तीची झाली, तीही याच तीन ठिकाणी. हॉटेल, गोदाम, दुकान, कचेरी ही सारी या संरक्षणाबाहेर राहिली. कपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, ही मात्र सर्व ‘उद्योगां’ना लागू होती. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ व्यापक केल्याने इस्पितळे व शिक्षणसंस्थांतील कामगारांनाही तिचे दार उघडले. परंतु १९८४ साली मुदतीचा करार संपून गेलेली नोकरी ही ‘कपात’च नव्हे, अशी पुरवणी कायद्याला जोडण्यात आली. ठेक्यावरच्या सेवा कामगाराला यापेक्षा मोठा फटका क्वचितच बसला असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. कारखाना, खाण, मळा ही चौकट तशीच राहिली.

बंद गिरण्यांतील कामगारांसाठी १९८६ साली केंद्राने पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम मिळावी, असे तिचे स्वरूप होते. पण मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर केवळ गिरणी कामगारच उघड्यावर पडला काय? त्याला दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांचे काय? कॉ. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ज्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्या याच स्त्रिया. भोंगा बंद झाला तेव्हा त्यांचीही चूल विझली. योजनेच्या कागदावर त्यांना जागा नव्हती.

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. परदेशी व्यापारामुळे रोजगार गमावणाऱ्यांना साहाय्य देणारा कायदा तेथे १९६२ साली झाला आणि १९७४ साली तो विस्तारला. त्याची एक अट होती: कामगाराने ‘वस्तू’ निर्माण केलेली असावी. संगणकाचे काम परदेशी गेल्यामुळे बेकार झालेल्यांचे अर्ज याच अटीवर फेटाळले गेले. न्यायालयीन लढ्यानंतर २००६ साली सॉफ्टवेअरला ‘वस्तू’ मानण्यात आले आणि २००९ साली सेवा कामगारांना थेट हक्क मिळाला. पुढे तो हक्क काढून घेतला गेला, परत दिला गेला, आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणेच थांबले. जे काम अमेरिकेतून निघाले त्यातले पुष्कळसे भारतीय तरुणांच्या टेबलावर आले. ते येथूनही हलले तर या तरुणांना तेवढेसुद्धा साहाय्य नाही. या दोन कामगारांना एकमेकांचे वैरी ठरवणे मालकवर्गाच्या सोयीचे असते.

व्याख्या बदलता येत नाही, हा युक्तिवाद मात्र जबलपुरात तरी कोणी करू नये. या भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. ‘ती आमची कामगारच नव्हे, ती आपल्या घरी बसून काम करते,’ हा मालक व सट्टेदारांचा पवित्रा १९६६ च्या विडी-सिगार कायद्याने मोडून काढला. घरी पाने-तंबाखू नेणाऱ्या स्त्रीलाही त्याने ‘कर्मचारी’ मानले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. हक्काला भिंतीची अट लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

कारखाना की सेवा असा भेद न करणारी एक वाट आज आहे, ती राज्य विमा योजनेची. २०१८ साली तिच्यात बेकारीभत्ता आला: सरासरी कमाईच्या २५ टक्के, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. २०२० साली तो ५० टक्के करण्यात आला. परंतु सर्वसाधारणपणे १० कामगारांखालील आस्थापने या विम्याबाहेर राहतात, आणि २०१७ साली वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरली. ठेकेदाराने वर्गणी कापली पण भरली नाही, तर हक्क मागण्याच्या दिवशीच कामगाराला ते कळते. म्हणून कॅन्टीन व सफाई कामगारांत काम करणाऱ्या प्रत्येक शाखेने वेतनचिठ्ठी, विमा क्रमांक आणि भरलेल्या वर्गणीची नोंद ही तीन गोष्टींची तपासणी आताच, ठेका चालू असतानाच, करून घ्यावी.