कागदावर सूर काढणारी डॅफ्नी

जुळे सोलापुरातून आम्ही बोलतोय.

सोलापुरी चादरीवरचा मोर आधी कागदावर येतो, मग जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणि मग कापडात. हे आपल्या गावात कुणाला समजवावं लागत नाही. आज जिच्याबद्दल बोलायचंय त्या डॅफ्नी ओरॅमबाईंनी असंच काहीसं सुरांचं केलं.

जन्म १९२५, इंग्लंडचा. महायुद्ध चालू असताना, विशी गाठायच्या आतच त्या बीबीसीत लागल्या. काम कार्यक्रमांचा आवाज जुळवण्याचं. पुढे टेपरेकॉर्डर आले. मग दिवसाची ड्यूटी संपली, स्टुडिओ रिकामे झाले, की बाई रात्री यंत्रं ढकलत एका ठिकाणी आणायच्या. फीत कापायची, उलटी लावायची, वेग कमी करून ऐकायचं. सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी. सगळे झोपल्यावर आपलं काम काढून बसणं! हे वाचताना आमच्यातल्या दोघी-तिघी गालात हसल्या.

त्यांच्या खटपटीनं १९५८ साली बीबीसीत रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं. पण तिथं नाटकांना लागणारे चमत्कारिक आवाज करून द्यायचे, स्वतःचं संगीत रचायचं नाही.

त्याच वर्षी ब्रसेल्सला मोठं जागतिक प्रदर्शन होतं. फिलिप्स कंपनीचा मंडप ले कॉर्बुझिए यांच्याकडे होता. आपलं चंदीगड आखणारे तेच. आत वारेझ यांची आठ मिनिटांची रचना तीनशेहून जास्त स्पीकरांतून भिंतींवरून फिरायची. कॉर्बुझिएंचे सहकारी झेनाकिस यांनी तर जळत्या कोळशाच्या तडतडीतून एक तुकडा रचला होता. शेगडीपुढे जन्म गेलेल्या आपल्या आज्यांना ते ऐकवायला हवं होतं!

ऑक्टोबरात तिथं प्रायोगिक संगीताचा मेळावा भरला. बीबीसीनं ओरॅमबाईंना पाठवलं. देशोदेशीचे रचनाकार आलेले, अमेरिकेचे जॉन केजसुद्धा. हे केज १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेत होते. गीताबेननी पुढे अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ साली आलेल्या मूग सिंथेसायझरवर स्वतः काम केलं. त्यांच्यावर एकदा वेगळं बोलू.

ब्रसेल्सला बाईंनी पाहिलं, की आपण रात्री चोरून करतो ते इथं लोक दिवसाउजेडी, मानानं करतात. परतल्यावर काही महिन्यांतच, १९५९ च्या सुरुवातीला, त्यांनी राजीनामा दिला. पगाराची नोकरी सोडणं म्हणजे काय, ते महिन्याच्या पंचवीस तारखेला घर चालवणारीलाच विचारा.

केंट परगण्यात एका जुन्या इमारतीत त्यांनी स्टुडिओ थाटला. जाहिराती, चित्रपट यांची कामं करत यंत्र उभं केलं. नाव ओरॅमिक्स. ३५ मिलिमीटर फिल्मच्या पट्ट्यांवर हातानं आकार काढायचे, पट्ट्या प्रकाशासमोरून सरकायच्या आणि त्या आकारांचा आवाज व्हायचा. रेघ चढली की आवाज चढला. ते यंत्र आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आमच्याकडे अजूनही माइकपुढे बाई आणि यंत्रापुढे कुणाचा तरी मुलगा असतो. पोरं गुणी आहेत, तक्रार नाही. पण काय कापायचं, काय ठेवायचं हे तिथंच ठरतं. मागे एका आजींच्या ओवीतला दम घेतल्याचा आवाज ‘खरखर’ म्हणून काढून टाकला होता. ओवी गुळगुळीत झाली, आजी निघून गेल्या.

पुढच्या खेपेच्या जात्यावरच्या ओव्यांची सगळी जोडणी आमच्यातल्या दोघी करताहेत. जात्याची घरघर जरा मोठी वाटली तर कळवा, मुद्दाम ठेवलीय.