टंचाईची वाटणी की नदीचे नियोजन?

कलकत्ता बंदरातील गाळ हटावा म्हणून बांधलेला फराक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला आणि गंगेच्या उन्हाळी पाण्यावरून भारत व बांगलादेश यांच्यात तेढ वाढली. मे १९७६ मध्ये वयोवृद्ध मौलाना भाशानी यांनी फराक्क्याच्या दिशेने प्रचंड मोर्चा नेला. अखेर १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांचा करार झाला. जानेवारी ते मे या काळात प्रवाह ७० हजार क्युसेक वा त्याहून कमी असल्यास उभयतांना निम्मे-निम्मे पाणी, हे त्यातील एक सूत्र.

परंतु हा करार वाटणीचा आहे, नियोजनाचा नव्हे. फराक्क्यापाशी किती पाणी पोहोचणार, हे वरच्या अंगाच्या उपशावर आणि नेपाळातून येणाऱ्या नद्यांवर अवलंबून. नेपाळ मात्र करारात नाही. घटत्या प्रवाहाची समान वाटणी ही अखेर टंचाईचीच वाटणी ठरते.

पश्चिम आफ्रिकेने निराळा मार्ग धरला. १९७२ साली माली, मॉरिटानिया व सेनेगल यांनी सेनेगल नदीसाठी संयुक्त संघटना स्थापन केली. मालीच्या भूमीवरील मनन्ताली धरण तिन्ही राष्ट्रांच्या सामाईक मालकीचे आहे. मात्र धरणाने पूर आवरला गेला आणि ओसरत्या पुराच्या ओलीवर पिके घेणारे शेतकरी तेथेही नाडले गेले. तात्पर्य, राष्ट्रांची सामाईक मालकी आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

गंगा कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. पुढील व्यवस्थेत नेपाळ हवा आणि खारे पाणी सोसणारा खुलन्याचा शेतकरीही हवा. त्याच्याविना होणारा करार सरकारांचा असेल, नदीकाठच्या जनतेचा नव्हे.