पुराच्या वाटेवर कोण राहतं?



 आपण खान्देशातले भूगोल शिक्षक धुळ्यात, पांझरेकाठी जमलो आहोत. १८७२ साली याच नदीच्या पुराने या शहराची मोठी हानी केली, तशी नोंद इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटिअरात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने पुन्हा शहरातले पूल पाण्याखाली घातले.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने पुरासारख्या संकटांसाठी प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा आराखडा करणं बंधनकारक केलं. अशा आराखड्यात पाण्याची बाजू सहसा भक्कम असते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे, क्युसेकचे आकडे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा. माणसांची बाजू मात्र ‘जिल्ह्याची ओळख’ या मथळ्याखाली दोन-चार पानांत उरकते. जळगाव जिल्हा, १५ तालुके, सव्वाबेचाळीस लाख लोक. धुळे जिल्हा, ४ तालुके, साडेवीस लाख लोक. मुख्य पिकं कापूस आणि केळी. लोकसंख्येचे आकडेही २०११ च्या जनगणनेचे. माझं म्हणणं असं आहे की आराखड्याचा पाया ही ओळखच आहे, आणि तोच आपण कच्चा ठेवला आहे.

तापीकाठचं उदाहरण घ्या. पूर्णा आणि तापी चांगदेवला एकत्र येतात, तिथून पुढे हतनूर. मध्य प्रदेशात, विदर्भात पाऊस झाला की दरवाजे उघडतात आणि ‘नदीपात्रात कोणीही जाऊ नये’ असा निरोप गावोगाव जातो. नेमका तो निरोप ऐकूनच शेतकरी नदीकडे धावतो. कारण त्याची पाण्याची मोटार काठावर असते. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात पाइपाचे नट सोडायचे, स्टार्टरची पेटी उचलायची, मोटारीला दोर बांधून दोघा-तिघांनी ती दरडीवर ओढायची. पाणी तोवर घोट्यावरून गुडघ्यावर आलेलं असतं. मोटार गेली तर नुकसान हजारोंचं, आणि पुढे उन्हाळ्यात बाग वाळण्याची भीती वेगळी. हे ज्याला माहीत आहे तो पहिला निरोप आधी देईल: ‘मोटारी काढून घ्या.’ जीव वाचवण्याचा निरोप त्यानंतरचा. काठावर किती मोटारी आहेत, हे कुठल्या आराखड्यात आहे?

आणि बाग म्हणजे तरी कोणती? रावेर, यावल, चोपड्यात जून-जुलैची मृगबाग ऑगस्टमध्ये अजून कोवळी असते. आधीच्या ऑक्टोबरातली कांदेबाग त्याच वेळी घडांनी लगडलेली, कापणीच्या तोंडाशी आलेली असते. दोन्हींत पाणी साचलं तर पंचनाम्यात एकच शब्द येतो, केळी. पण एकाचा बियाणं-लागवडीचा खर्च जातो, दुसऱ्याचं वर्षभराचं उत्पन्न. शेत बटाईचं असेल तर सातबाऱ्यावर नाव मालकाचं आणि खर्च बटाईदाराचा. मदत ज्याच्या नावावर उतारा त्याच्या खात्यात जाते. राबणारा हात त्या यादीत कुठेच नसतो.

चाळीसगावची गोष्ट वेगळी. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी या नद्या शहरात आणि आसपासच्या गावांत शिरल्या. पाटणादेवीच्या बाजूच्या डोंगरांत रात्रभर पाऊस कोसळत होता, कन्नड घाटात दरडी आल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी पाणी यायला वेळ लागत नाही. तापीसारखी तिथे काही तासांची उसंत नसते. शेकडो जनावरं गेली. गोठ्यात खुंट्याला, दाव्याने बांधलेलं जनावर पोहूही शकत नाही. पोळा आठवड्यावर आला होता. ज्या घराचं दूध डेअरीला जातं आणि त्यावर आठवड्याचा बाजार होतो, त्या घराची म्हैस जाणं म्हणजे रोजची मिळकत जाणं. वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा मागे राहत नाही, मग पंचनामा कशाचा करायचा? म्हणून कोणत्या गल्लीत किती जनावरं रात्री कुठे बांधली जातात, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

या सगळ्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर, मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं, आणि अनेकदा तो कुटुंबासह मालकाच्या मळ्यातच राहायला जातो. मतदार यादीत, रेशनकार्डावर तो आपल्या गावी. पावसाळ्यात प्रत्यक्षात नदीकाठच्या खोलीत. सातपुड्यातून आलेल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला लाउडस्पीकरवरचं कार्यालयीन मराठी कितपत कळतं? निरोप पावरीत, भिलीत, अहिराणीत जायला हवा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, म्हणजे पुराच्या महिन्यांत ती घरीच असतात. त्यांची घरं बऱ्याचदा नाल्याच्या कडेला, कारण मोकळी जागा तिथेच मिळाली. शहरातही काठावर पहिली वस्ती गरिबांचीच आहे. तिथे हातगाडी, शिलाई मशीन, पीठगिरणी हेच भांडवल, आणि ते सगळं जमिनीला टेकलेलं. वर चढवायला माळाही नसतो.

लाल आणि निळी रेषा अभियंत्यांनी आखावी, ते त्यांचं काम. त्या रेषेच्या आत कोण, कोणत्या महिन्यात, कशावर जगतं, हे मात्र भूगोल शिकवणाऱ्यांनी सांगायचं आहे. एका विद्यार्थ्याला एक गल्ली दिली तर हे काम होण्यासारखं आहे. आखाजीनंतर सालदार ठरलेले असतात, मृग लागायला अजून अवधी असतो. तेवढ्या दिवसांत प्रत्येक नदीकाठच्या गावाचा एक तक्ता करा: मोटारी, गोठे, बटाईदार, सालदार, म्हातारी आणि आजारी माणसं, बोली, रात्री जाग असणारी घरं. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत लावा, एक तहसीलदारांना द्या आणि पोहोच घ्या. येत्या आखाजीपासून सुरुवात करा, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.